बॉबी टेबल्स, वसईचे डिसोझा आणि विनोद समजावण्याची मर्यादा

तुम्ही विचारले आहे की, वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तुम्ही सॉफ्टवेअर तपासणीच्या कामाला लागलात, तिथले सहकारी एकमेकांना ‘एक्सकेसीडी’ नावाच्या चित्रकथा पाठवून हसतात, त्यांतल्या निम्म्या तुम्हाला कळत नाहीत, मग तुम्ही स्पष्टीकरण शोधून वाचता, ते कळतेही, पण हसू काही येत नाही. तेव्हा दोष तुमचा, स्पष्टीकरणाचा की विनोदाचाच? शिवाय याच चित्रकथा धाकट्या भावाला मराठीतून कशा समजावाव्यात, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे.

मी वीस वर्षे डेटाबेसचे, म्हणजे संगणकात नोंदी साठवणाऱ्या व्यवस्थेचे, काम केले आणि गेली नऊ वर्षे पुण्यात तेच शिकवते. दर शुक्रवारी तासाची शेवटची पंधरा मिनिटे एक चित्रकथा पडद्यावर लावायची आणि ती सगळ्यांनी मिळून उलगडायची, असा माझ्या वर्गाचा रिवाज आहे. म्हणजे हे काम मी काही शेकडो वेळा केले आहे, आणि त्यांतले पुष्कळ विनोद माझ्याच हातून मेले आहेत. सुरुवातीच्या वर्षी एका तीन ओळींच्या विनोदावर मी बारा मिनिटे बोलले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, सगळं समजलं, पण हसायचं नेमकं कुठे होतं?” तिच्या त्या प्रश्नाने मला जे शिकवले तेच तुमचे उत्तर आहे. दोष बहुधा स्पष्टीकरणाचा असतो, कारण ते एक पायरी पुढे जाते. समजावणाऱ्याने नियम सांगावा आणि विनोद जिथे घडतो त्याच्या अलीकडे थांबावे. शेवटची पायरी वाचकाने स्वतः चढली तरच तो हसतो.

आधी चित्रकथेविषयी थोडेसे. रँडल मन्रो हे भौतिकशास्त्राचे पदवीधर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, नासाच्या लँगली संशोधन केंद्रात यंत्रमानवांवर काम करत असताना, २००५ मध्ये त्यांनी आपल्या वह्यांतली जुनी रेखाटने स्कॅन करून लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. पुढे तोच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय झाला. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी नवे चित्र येते; माणसे काडीसारख्या रेघांची, चेहरे कोरे. नावाचा अर्थ शोधू नका, कारण ती नुसती चार अक्षरे आहेत आणि त्यांना अर्थ नाही असे निर्मात्यानेच सांगितले आहे. प्रत्येक चित्राला क्रमांक असतो आणि आमच्या धंद्यातली माणसे म्हणीसारखा तो क्रमांकच वापरतात: एखाद्या बैठकीत चौदा मानकांचा घोळ मिटवायला पंधरावे मानक काढण्याचा प्रस्ताव आला की कोणीतरी हळूच “९२७” म्हणते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माऊसचा बाण चित्रावर ठेवला की एक जादा ओळ तरंगते. मोबाइलवर चित्रावर बोट दाबून धरल्याशिवाय ती बहुधा दिसत नाही, आणि सहकाऱ्यांनी नुसते चित्र पाठवले असेल तर ती मुळातच गळलेली असते. तुम्हाला निम्मे विनोद कळत नाहीत, त्यामागे हे साधे कारण कितपत आहे हे आधी तपासून पाहा.

या विनोदांची जात आपल्याला अनोळखी नाही. श्लेष अलंकार शिकताना “हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस” हे उदाहरण आपण सर्वांनी घोकले आहे. ‘जीवन’ म्हणजे पाणी, हा अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याला ते साधे विधान वाटते. ज्याला ठाऊक आहे त्याला दोन्ही अर्थ एकाच क्षणी दिसतात. गुरुजींनी आधी सहज “पाण्याला जीवनही म्हणतात बरं का” एवढे सांगून मग ओळ वाचली, तर त्यातली गंमत मुलाला स्वतः सापडते. आधी ओळ वाचून मग “येथे दोन अर्थ संभवतात” असे सांगितले, तर दोन गुणांचे उत्तर तेवढे पाठ होते. तुम्ही वाचलेली स्पष्टीकरणे या दुसऱ्या प्रकारची असतात. ती चुकीची नसतात, पण त्यांचा क्रम उलटा असतो.

आता ऑक्टोबर २००७ मधले ३२७ क्रमांकाचे चित्र घेऊ, कारण तुमच्या तपासणीच्या कामात त्याचा उल्लेख हटकून होणार. पण चित्राकडे जाण्यापूर्वी मी वर्गाला नेहमी वसईची गोष्ट सांगते. फार वर्षांपूर्वी त्या भागातल्या एका पतपेढीच्या खातेदारांची माहिती भरण्याचा प्रोग्रॅम आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. तक्रार अशी की देसाई, पाटील, लोपीस अशी सगळी खाती उघडतात, पण डिसोझा, डिसिल्वा आणि डिमेलो यांची उघडत नाहीत. तिथल्या कारकुनाने स्वतःपुरता उपाय काढला होता: इंग्रजीत लिहिताना या आडनावांतल्या ‘डी’नंतर जो वरचा स्वल्पविराम येतो तो गाळायचा. खाते उघडायचे, पण पासबुकावरचे नाव रेशनकार्डावरच्या नावाशी जुळायचे नाही आणि खातेदार चिडायचे.

कारण असे होते. प्रोग्रॅम डेटाबेसला जी आज्ञा पाठवतो तिच्यात माणसाचे नाव दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये ठेवलेले असते. नाव कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे यंत्राला त्या चिन्हांवरूनच कळते. वरचा स्वल्पविराम आणि मिटणारे अवतरणचिन्ह कळफलकावर एकच. त्यामुळे डी'सोझा असे नाव आले की यंत्र समजते, नाव ‘डी’ एवढेच आहे आणि ते संपले. पुढचे ‘सोझा’ ही आज्ञेतलीच काहीतरी अगम्य भानगड आहे. मग ते व्याकरणाची चूक दाखवून अडून बसते. आमच्या शुद्धलेखनाच्या तासाला बाई मजकूर सांगताना “पूर्णविराम” म्हणाल्या की एक मुलगा वहीत ‘पूर्णविराम’ हा शब्दच लिहायचा. त्याने सूचनेला मजकूर मानले. इथे यंत्राने मजकुराला सूचना मानले. चूक एकच, फक्त दिशा उलटी.

एवढे सांगून झाले की मी फळ्यावर आणखी तीन नियम लिहिते. अर्धविराम आला म्हणजे एक आज्ञा पुरी झाली आणि दुसरी सुरू होऊ शकते. ‘ड्रॉप टेबल’ म्हणजे पुढे ज्याचे नाव येईल तो नोंदींचा अख्खा तक्ता टाकून द्यावा. आणि लागोपाठ दोन आडव्या रेघा म्हणजे यापुढचा मजकूर वाचू नये. नंतर नव्या विद्यार्थ्याची नोंद करण्याची कोरी आज्ञा लिहिते:

इन्सर्ट इनटू स्टुडंट्स व्हॅल्यूज ('…');

आणि मग काहीही न बोलता चित्र लावते. शाळेतून एका बाईंना फोन येतो की आमच्या संगणकात बिघाड झाला आहे. आई काळजीने विचारते, मुलाने काही मोडले का? “एका अर्थी, हो,” असे उत्तर येते. मग शाळेचा प्रश्न: तुम्ही मुलाचे नाव खरोखरच “रॉबर्ट'); ड्रॉप टेबल स्टुडंट्स;--” असे ठेवले आहे का? आई म्हणते, हो तर, आम्ही त्याला लाडाने छोटा बॉबी टेबल्स म्हणतो. वर्गात दोन-तीन सेकंद शांतता असते. मुले ते नाव कोऱ्या आज्ञेतल्या ठिपक्यांच्या जागी मनातल्या मनात बसवून पाहत असतात, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यांतून हसू फुटत जाते. त्या शांततेत मी तोंड उघडले तर सगळे फुकट जाते, हे मला अनुभवाने माहीत आहे.

हसून झाल्यावर बोलायला पुष्कळ असते, आणि तेव्हा ते चालते. चौथ्या चौकटीत शाळा चिडून म्हणते, यंदाच्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदी गेल्या, झाले ना तुमचे समाधान? त्यावर आई, डेटाबेसमध्ये शिरणारी माहिती आधी निर्धोक करून घ्यायला तुम्ही शिकला असाल अशी आशा आहे, असे उलट ऐकवते. मूळ इंग्रजीत दोघांची वाक्ये एकाच साच्यातली आहेत, त्यामुळे ते उत्तर टोमण्याला टोमणा असे बसते, मराठीत “झालं समाधान?” “माझं झालं. तुमचं शिकून झालं का?” असे काहीसे केले तर तो ठेका राहतो. माझ्यासारखीचे समाधान मात्र इथे पुरते होत नाही, कारण आईचा सल्ला थोडा जुनाट आहे. नावातली धोकादायक चिन्हे धुऊन काढत बसण्यापेक्षा आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळ्या वाटांनी पाठवणे हा खरा उपाय आहे. तसे केले की डिसोझांचा स्वल्पविरामही जागच्या जागी राहतो आणि बॉबीचे नावही निमूटपणे नावाच्या रकान्यात जाऊन बसते. शिवाय अनेक ठिकाणी एका वेळी एकच आज्ञा स्वीकारली जाते, तिथे बॉबीची डाळ शिजणार नाही. आणि नोंदींची दुसरी प्रत न ठेवणाऱ्या शाळेबद्दल तर न बोललेलेच बरे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये एकाने याच धर्तीचे, ‘ड्रॉप टेबल कंपनीज’ असे शब्द असलेले नाव देऊन खरोखरच एक कंपनी नोंदवली, हे ऐकून माझा वर्ग मूळ चित्रापेक्षा जास्त हसतो.

दुसरे उदाहरण मुद्दाम संगणकाबाहेरचे घेते, कारण तिथे समजावणाऱ्याची चूक वेगळीच असते. ८८२ क्रमांकाच्या चित्रात कोणीतरी धावत येऊन सांगते की जेलीच्या गोळ्यांनी मुरुमे येतात. शास्त्रज्ञांना तपासायला सांगितले जाते. ते संगणकावरचा खेळ नाइलाजाने सोडून उठतात आणि काही संबंध नाही असे कळवतात. मग म्हणे एखाद्या विशिष्ट रंगाच्याच गोळीने येत असतील. इथून पुढे वीस सारख्या चौकटी आहेत: जांभळ्या गोळ्यांचा संबंध नाही, तपकिरी गोळ्यांचा संबंध नाही, गुलाबी गोळ्यांचा संबंध नाही, अशा. त्यांत हिरव्या गोळीपाशी मात्र संबंध आढळतो, आणि शेवटी वर्तमानपत्राचे पहिले पान दिसते: हिरव्या गोळ्यांचा मुरुमांशी संबंध, खात्री ९५ टक्के, योगायोगाची शक्यता फक्त ५ टक्के.

इथे आधी सांगण्याचा नियम एकच आहे. संख्याशास्त्रात एखादा निकाल ‘लक्षणीय’ ठरवण्याची रूढ रेघ ०.०५ ही आहे; रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून ती रुळली. तिचा अर्थ असा की, प्रत्यक्षात काहीही संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल वीसांत एकदा हाती लागू शकतो. बस्स. वीसांत एकदा, हे शब्द उच्चारायचे आणि चित्र दाखवायचे. रंग किती आहेत हे वाचकाला मोजू द्यावे. मी हे चित्र पहिल्यांदा समजावले तेव्हा “मग ते वीस रंग तपासतात” असे एका वाक्यात उरकले आणि विनोद तिथेच गेला. त्या वीस चौकटी कंटाळवाण्या आहेत आणि त्या तशाच असायला हव्यात. वाचक त्यांवरून भराभर नजर फिरवतो, एकोणीस नकार त्याच्या लक्षातही राहत नाहीत, फक्त हिरव्यापाशी तो थांबतो. म्हणजे वर्तमानपत्राने जे केले तेच त्याने नकळत आपल्या डोळ्यांनी केलेले असते. चित्राचा सारांश सांगणाऱ्याला हे कधीच सांगता येत नाही.

ज्याला हिशेब हवा त्याला तो नंतर द्यावा. एका चाचणीत फसगत न होण्याची शक्यता ०.९५, वीस स्वतंत्र चाचण्यांपैकी एकीतही न होण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात, सुमारे ०.३६. म्हणजे निदान एका रंगावर खोटा आळ येण्याची शक्यता ६४ टक्के. पहिल्या पानावरचा “५ टक्के” हा आकडा त्या एका चाचणीपुरता नियमाला धरून आलेला आहे आणि तरीही बातमी दिशाभूल करते, हे त्या चित्राचे मर्म आहे. वीस ज्योतिषांनी वीस वेगवेगळे निकाल सांगावेत आणि ज्याचा खरा ठरला त्याचीच जाहिरात छापून यावी, असा प्रकार आपण पाहिलेला आहे. फरक इतकाच की इथे प्रत्येक शास्त्रज्ञ प्रामाणिक आहे.

काही चित्रांत मात्र नियम इतका छोटा असतो की तो सांगताच विनोदही सांगून होतो. तिथे त्याच नियमाचे घरगुती रूप शोधावे लागते. १४९ क्रमांकात एक जण दुसऱ्याला म्हणतो, मला सँडविच करून दे. दुसरा म्हणतो, काय? तूच कर. पहिला म्हणतो, “सुडो, मला सँडविच करून दे.” दुसरा म्हणतो, बरं. ‘सुडो’ हा युनिक्स जातीच्या संगणकांवरचा शब्द आहे. आज्ञेच्या आधी तो लावला की ती आज्ञा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकाराने चालते. भावाला हे समजावताना सर्वाधिकारी, परवानग्या वगैरे बोलूच नका. घरात धाकट्याला “पाणी आण” म्हटले तर तो “तूच घे” म्हणतो, आणि “आईने सांगितलंय” एवढे जोडले की उठतो, हे त्याला स्वानुभवाने माहीत आहे. अर्थात ही उपमा फार ताणू नये, कारण संगणक ‘आईने’ खरेच सांगितले का हे तपासत नाही. हे वाक्य उच्चारण्याची परवानगी ज्यांना आहे त्यांच्या यादीत तुमचे नाव आहे का, तेवढेच तो पाहतो. मूळ वाक्यातली आणखी एक गंमत मराठीत येत नाही. इंग्रजीत ‘कर’ या अर्थी जो ‘मेक’ शब्द तिथे आहे, त्याच नावाची एक आज्ञा बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार झाली आणि आजही प्रोग्रॅमर ती वापरतात, त्यामुळे ते वाक्य टंकलेल्या आज्ञेसारखेही दिसते. असे काही हातचे गेले तर जाऊ द्यावे. ते वाचवण्यासाठी चार ओळी खर्चून उरलेले घालवू नये.

मी बारा मिनिटे ज्याच्यावर घालवली ते चित्र २२१ क्रमांकाचे. त्यात प्रोग्रॅमचा एक तुकडा आहे, ज्याचे काम यादृच्छिक, म्हणजे आधी ओळखता न येणारी, कोणतीही संख्या देणे हे आहे आणि जो दर वेळी ४ देतो. शेजारी प्रोग्रॅमरची टीप आहे की ही संख्या निर्दोष फासा टाकून निवडली असून ती यादृच्छिक असल्याची हमी आहे. यात समजावण्यासारखे जवळजवळ काही नाही: फासा दर वेळी टाकायचा असतो, याने एकदाच टाकून उत्तर कोरून ठेवले. मी मात्र यादृच्छिकता म्हणजे काय इथपासून सुरुवात केली होती. खरी मेहनत त्याच्या तरंगत्या ओळीला लागते. तिच्यात म्हटले आहे की ‘आरएफसी ११४९.५’ने ४ हीच प्रमाणित यादृच्छिक संख्या ठरवली आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेट कसे चालावे हे ठरवणारे क्रमांकित दस्तऐवज. त्यांतला ११४९ क्रमांकाचा दस्तऐवज १ एप्रिल १९९० चा आहे आणि इंटरनेटची माहिती कबुतरांच्या पायाला बांधून कशी पाठवावी हे तो अत्यंत गंभीर सरकारी भाषेत सांगतो. तारीख पाहिली की उलगडा होतो. पण नॉर्वेतील बर्गन शहरातल्या, ‘लिनक्स’ या संगणक-प्रणालीच्या काही चाहत्यांनी २००१ मध्ये ते खरोखर करून पाहिले: नऊ निरोप पाठवले, चारांची उत्तरे आली, आणि एकेका उत्तराला तासाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. तेव्हा ‘११४९.५’ म्हणजे थट्टेच्या दस्तऐवजाची कधीच न निघालेली पुरवणी होय.

गंमत अशी की हा विनोद पुढे खरा झाला. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या खेळांच्या यंत्रात प्रोग्रॅमवर जी डिजिटल सही होते, तिच्यासाठी दर वेळी नवी यादृच्छिक संख्या लागते. ती तशी न घेता तीच ती वापरली गेली होती, आणि त्यावरून सही करण्याची गुप्त किल्ली गणिताने काढता येते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत हे उघड करणाऱ्यांनी पडद्यावर हेच ४ देणारे चित्र दाखवले होते. आमच्या क्षेत्रात चित्रकथेचा उपयोग असा होतो. चूक समजावायला तिच्याइतके थोडके दुसरे काही सापडत नाही.

२०२० मधल्या २३४७ क्रमांकाच्या चित्रात तंत्रापेक्षा भूगोल आडवा येतो. लहानमोठ्या ठोकळ्यांची एक अवाढव्य रचना, तिच्यावर लिहिलेले ‘आजची सगळी डिजिटल व्यवस्था’, आणि तळाशी सगळा भार तोलणारा एक किरकोळ ठोकळा. तो म्हणजे नेब्रास्कातला कोणी एक माणूस २००३ पासून कोणाच्या शाबासकीविना सांभाळत असलेला प्रकल्प. नेब्रास्का हे अमेरिकेच्या मध्यावरचे शेतीप्रधान राज्य आहे, दोन्ही किनाऱ्यांवरच्या संगणक-नगऱ्यांपासून दूर, आणि अमेरिकन कानाला त्या नावातच ‘कुठलातरी कोपरा’ ऐकू येतो. भाषांतर करताना काहींना तिथे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याचे नाव घालण्याचा मोह होतो. मी ते करत नाही, कारण मग वाचक त्या जिल्ह्याचा विचार करू लागतो आणि ठोकळा विसरतो. चित्र आल्यानंतरच्या घटना ठाऊक असल्या की ते अधिक बोचते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअर-घटकातल्या सुरक्षेच्या भोकामुळे जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या असल्याच एका घटकात कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले, तेही एका अभियंत्याला लॉगिन होण्यास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो याची रुखरुख लागली म्हणून. तुमच्या कचेरीत हे चित्र फिरते तेव्हा लोक पुष्कळदा हसत नसतात, हे लक्षात ठेवा.

आपल्याला जवळून लागू पडणारे चित्र ११७९ क्रमांकाचे. तारीख आकड्यांत लिहिण्याची एकच जागतिक पद्धत आहे, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असे ते सांगते आणि बाकीच्या सगळ्या पद्धती बाद ठरवते. त्या बाद यादीत अंगावर तारीख रंगवलेले एक काळे मांजरही आहे. तरंगत्या ओळीत हे मानक कधी दुरुस्त झाले ती तारीख दिली आहे: १२/०१/०४. आपल्याकडचा कोणीही ती बेधडक १२ जानेवारी २००४ अशी वाचेल. अमेरिकन माणूस १ डिसेंबर वाचेल, आणि ती सुधारित आवृत्ती निघाली ती १ डिसेंबरलाच. इथे काही समजावू नका. भावाला आधी तारीख मोठ्याने वाचायला सांगा, मग अमेरिकेत महिना आधी लिहितात एवढेच म्हणा. योगायोगाने हे चित्र २७ फेब्रुवारी २०१३ रोजी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी आले होते, पण त्याचा विनोदाशी काही संबंध नाही. मला ती तारीख त्यामुळे पाठ राहिली, इतकेच.

मराठीतून सांगण्याविषयी आणखी एक. तांत्रिक शब्द मराठीत आणण्याची ही जागा नव्हे. ‘ड्रॉप टेबल’चे ‘सारणी त्यागा’ केले तर भावाला दोन कोडी सोडवावी लागतील. शब्द आहेत तसे ठेवावेत आणि त्यांचे वागणे मराठीत सांगावे: हा शब्द आला की यंत्र काय करते, एवढेच. पात्रांचे बोलणे मात्र पूर्ण मराठी असावे, आणि त्यात नाते दिसावे. शाळा आईला अहो-जाहो करील, सँडविच मागणारा अरे-तुरे करील. कोऱ्या चेहऱ्यांच्या माणसांना आवाज मिळतो तो अशा छोट्या गोष्टींतून.

सुरुवात बॉबीपासूनच करा, आणि त्या चित्राची तरंगती ओळ मी वर मुद्दाम सांगितलेली नाही. तिच्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. अमेरिकेतल्या चिनी उपाहारगृहांत जेवणानंतर एक कुरकुरीत बिस्किट देतात, जे फोडले की आत भविष्य छापलेली कागदाची पट्टी निघते. आणि तिथला एक जुना विनोद असा आहे की एकाच्या पट्टीवर भविष्याऐवजी “वाचवा, मला या बिस्किटांच्या कारखान्यात डांबून ठेवले आहे” असे निघाले. दुसरी गोष्ट, वाहन चालवण्याचा परवाना छापणारे यंत्र नावाच्या रकान्यात जे असेल ते जसेच्या तसे छापते. बॉबीला एक बहीण आहे. तिचे नाव काय असेल ते भावाला आधी ओळखू द्या, आणि मग चित्रावर बोट दाबून धरा.